आरपारचा वारा

"समोरासमोरचं दार आणि खिडकी कधी एकदम उघडी टाकू नकोस, पोरी. आरपारचा वारा घरात शिरला की पोर घेऊन जातो."

किल्ली हातावर ठेवताना तेता पाल्मिरा हे म्हणाली आणि तिहानाला हसू आवरेना. झाग्रेब शहरात तिची आई हेच म्हणायची, आईची आईही हेच म्हणायची. ट्राममध्ये कोणी खिडकी जरा सरकवली तर अख्खा डबा त्याच्याकडे खुन्याकडे बघावं तसा बघायचा. मान धरली, आरपारचा वारा. दाढ ठणकली, आरपारचा वारा. कोणाचं लग्न मोडलं तरी शेवटी कुठून तरी वारा शिरलेला निघायचाच. तिहानाने सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली होती. असल्या गोष्टींवर जेवणाच्या टेबलावर भांडून ती कधीच कंटाळली नव्हती.

"तेता, माणसं जंतूंनी आजारी पडतात. वाऱ्याने नाही."

"पडत असतील. तुमच्या झाग्रेबात जंतू आहेत. आमच्याकडे वारा आहे."

बोर्ना, तिचा नवरा, गाडीतून सामान काढता काढता खो खो हसला. तिहानाच्या कडेवरची लेक डोराही हसली. सव्वा वर्षाच्या डोराला कोणी हसलं की हसायचं एवढंच माहीत होतं.

तेता म्हणजे मावशी, पण ही म्हातारी रक्ताने बेटावरच्या त्या खाडीत कोणाचीच मावशी नव्हती. त्यांनी सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घराचा मालक स्प्लिट शहरात राहायचा. किल्ली, अंथरुणं, अंगणातलं अंजिराचं झाड, सगळं तिच्या ताब्यात. तिचं स्वतःचं घर खाडीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यापलीकडे बरोबर समोर. सप्टेंबर सरत आला होता. मधली सगळी घरं कुलपं लावून निघून गेली होती.

घर दगडी, जाड भिंतींचं. दाराच्या आतून लोखंडी अडसर होता, एका टोकाला खिळलेला. खाली पडला की दार आतून बंद. एरवी उचलून वर टेकवायचा आणि त्यात सुतळीचा फास अडकवायचा. "फास विसरू नकोस, धक्का लागला की पडतो हा," असं तेताने दाखवलंही. मागची बाजू डोंगरात खोदलेली, त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी आतून उंचावर, पण बाहेरून उतारावर गुडघ्याइतक्या उंचीला. तिला लोखंडी गज. ते गज हलवून बघितल्यावर तिहानाला बरं वाटलं. निदान या एका जागेची काळजी नाही.

"आणि एक," तेता निघता निघता वळली. "सकाळी उठलीस की समुद्राकडच्या खिडक्यांच्या झडपा उघड. मग पुन्हा झोप हवं तर. तुझ्या उघड्या दिसल्या की मला कळेल, तुम्ही ठीक आहात. माझी हिरवी झडप तुला दिसेल."

तिहानाने मान डोलावली आणि विसरून गेली. विसरली असंही नाही. डोराला अंधार लागायचा. जरा उजेड आला की ती पहाटेच उठून बसायची आणि दिवसभर किरकिर करायची. तिहानाने झडपा घट्ट लावल्या, आतून कड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर धाडधाड आवाज झाला. रात्रभर दातांनी बेजार झालेलं पोर नुकतं झोपलं होतं, ते किंचाळत उठलं. दारात तेता. हातात काठी, श्वास लागलेला, चेहरा पांढराफटक. खाडीला वळसा घालून, दगडांवरून, ती पूर्ण वाट धावत आली असावी.

"झडपा!" ती म्हणाली. "सूर्य डोक्यावर आला आणि झडपा बंद!"

"तेता, आम्ही सुट्टीवर आलोय." तिहानाचा आवाज चढला. "आम्हाला झोपू द्या. आणि मेलोच, तर कळवू तुम्हाला."

म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "बरं. मग मी नाही बघत," ती म्हणाली आणि आली तशी गेली. जाताना धावत नव्हती.

"अगं, काय बोललीस हे!" बोर्ना आतून म्हणाला.

"तुला झोपवायचंय का हिला? ये, झोपव."

त्यानंतरचे दिवस तसे चांगले गेले. डोराला पाठीवर बांधून ते टोकावरच्या छोट्या देवळापर्यंत चढले. खाडीत मोबाइल लागायचा तो फक्त तिथेच. सार्डिन माशांच्या जुन्या कारखान्यात छप्पर उडालेलं होतं आणि मिठाच्या टाक्यांत लव्हाळं उगवलं होतं. एका दुपारी गाडी काढून ते बेटाच्या उत्तरेच्या गावात गेले, धक्क्यावर बसून तळलेले मासे खाल्ले, हातांना दुसऱ्या दिवसापर्यंत वास येत होता. सगळीकडे तिहाना पुढे बघत चालायची. दगडाखाली विंचू असेल. पाण्यात काटेरी समुद्रसाळू असेल. अंगणात पत्र्याच्या छपराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं होतं, त्याच्या झाकणावर तिने बोर्नाकडून दोन मोठे दगड ठेवून घेतले.

"तुझं चाललं तर तू डोंगराच्या कोपऱ्यांनासुद्धा रबर लावशील," बोर्ना म्हणायचा.

"लावीन. तू आण रबर."

स्वयंपाकघरात त्या गजांच्या खिडकीखाली एक जुनी लाकडी पेटी होती. डोरा नुकतीच चढायला शिकली होती आणि तिला चढायला जगात ती एकच पेटी दिसत होती. एक पाय वर गेला की तिहाना ओरडायची, "नाही!" उचलून खाली. पुन्हा पाय, पुन्हा "नाही!" शेवटी पोर पेटीजवळ जाऊन नुसतं उभं राहायचं, आईकडे बघायचं आणि स्वतःच मान हलवायचं. तिहानाला वाटलं, चला, एक तरी गोष्ट शिकली.

तेता पुन्हा आली नाही. पण तिहाना रोज सकाळी चूळ भरताना तिकडे बघायची. हिरवी झडप उघडी असायची. कशासाठी ते तिचं तिलाही कळत नव्हतं, पण तीही मग आपली एक झडप थोडा वेळ उघडायची आणि डोराच्या झोपेच्या वेळी लावायची.

मग युगो सुटला.

दक्षिणेचा तो दमट वारा सुरू झाला की किनाऱ्यावरची माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. आभाळ छपरावर येऊन टेकलं, समुद्र शिशासारखा झाला, घराच्या भिंतींना घाम फुटला. मीठ पाणी सोडू लागलं. वारा मागच्या डोंगरावरून उतरायचा, पाइनच्या झाडांत घुमायचा आणि घरावरून खाडीत उडी मारायचा. सकाळीच बोर्ना आणि तिची जुंपली, लंगोट कोणी मोजून आणायचे होते यावरून. शेवटी तो गाडी घेऊन गावात गेला.

"जेवायच्या आत येतो."

"नाही आलास तरी चालेल."

डोरा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून पातेल्यांची झाकणं आपटत होती. दोन बर्नरच्या जुन्या गॅस शेगडीवर तिच्यासाठी कोंबडीचं सूप मंद आचेवर होतं. रबरी नळी ओट्याखालच्या सिलिंडरला जोडलेली. खोली वाफेने आणि ओल्या भिंतींच्या वासाने कोंदली होती, म्हणून तिहानाने मागची खिडकी उघडली. मग बाहेर डोराचे कपडे दोरीवर फडफडताना ऐकू आले. आभाळ तर कुठल्याही क्षणी फुटेलसं झालेलं. तिने पुढचं दार सताड उघडलं. उंबरा ओलांडताना तिला तेताचं वाक्य आठवलं, आणि खरं सांगायचं तर ती स्वतःशी हसलीसुद्धा.

पहिला पायमोजा काढला, चिमटे खिशात टाकले, आणि पाठीमागे तोफ उडावी तसा आवाज झाला.

दार आपटलं होतं. त्यामागोमाग आतून आणखी एक आवाज आला, लोखंडावर लोखंड बसल्याचा. सुतळीचा फास त्यांनी दुसऱ्या दिवसापासूनच घालायचा सोडून दिला होता.

तिने दार ढकललं. खांद्याने धडक दिली. समुद्राकडच्या झडपांना नखं लावली, त्या जराही हलल्या नाहीत. वारा सुटल्यावर आपणच कड्या घातल्या होत्या. घट्ट आहेत ना, म्हणून दोनदा बघितलंही होतं.

ती घराला वळसा घालून मागे धावली, उतारावर गुडघ्यांवर पडली आणि गजांतून आत बघितलं.

डोरा खाली बसलेली होती. ठीक होती. दाराच्या आवाजाने दचकून झाकण छातीशी धरलं होतं, ओठ थरथरत होता. तिहानाचा जीव भांड्यात पडणार इतक्यात तिची नजर शेगडीवर गेली.

पातेल्याखाली ज्योत नव्हती.

आधी तिला वाटलं, उजेडामुळे दिसत नसेल. मग तो आवाज ऐकू आला, बारीक, न थांबणारा, कोणी दातांमधून श्वास सोडावा तसा. आणि मग वास.

तिहाना शिकलेली होती, आणि त्या क्षणी हेच तिच्या मुळावर आलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, हे तिला पाठ होतं. तो वर जात नाही. पाण्यासारखा खाली साचतो, फरशीवर पसरतो. सव्वा वर्षाचं पोर बसलं की त्याचं नाक जिथे येतं, तिथे. आणि कोपऱ्यात तो जुना फ्रिज. चालू होताना आधी खट् व्हायचा, मग सगळं अंग थरथरवायचा. ते खट् म्हणजे ठिणगी. आता तो गप्प होता. म्हणजे केव्हाही चालू होणार.

"डोरा! डोरुश! इकडे ये, आईकडे ये!"

पोर उठलं. डुलत डुलत पेटीपर्यंत आलं, वर बघितलं, दोन्ही हात पसरले. गजांतून तिहानाचा हात खांद्यापर्यंत आत गेला, तरी बोटं आणि पोराच्या बोटांमध्ये वीतभर हवा उरली.

"चढ! पेटीवर चढ, राणी!"

डोराने पेटीकडे बघितलं. मग आईकडे. आणि हळूच, शहाण्यासारखी, मान हलवली. नाही.

तिहानाच्या घशातून जो आवाज निघाला त्याने डोरा रडायला लागली आणि पुन्हा खाली बसली. फतकल मारून. त्या वासात.

ओरडून चालणार नाही. तिहानाने ओठ दातांखाली धरले. खिशात हात गेला तर चिमटे लागले. लाल, पिवळे, निळे. कपडे वाळत घालताना डोरा याच चिमट्यांसाठी भोकाड पसरायची. तिने एक लाल चिमटा गजांतून आत धरला आणि टक टक वाजवला, चोचीसारखा.

"बघ, कोण आलंय? लाल पक्षी आलाय. त्याला भूक लागलीय. डोराचं बोट खाणार तो." आवाज तिचा स्वतःचा वाटत नव्हता. "टक टक. कुठाय डोरा?"

रडणं थांबलं. डोरा उठली. चिमट्याकडे बघत तिने एक पाय पेटीवर टाकला आणि थांबली, "नाही" ऐकायला.

"हो," तिहाना म्हणाली. "हो, हो, हो. चढ. आई म्हणते चढ."

पाय घसरला. पुन्हा टाकला. पोट पेटीवर आलं, मग गुडघा. तिहानाने तिचं मनगट पकडलं, मग दंड, मग कंबरेभोवती हात टाकला आणि तिला गजांशी ओढून घेतलं. पोराचं तोंड दोन गजांच्या मधे, बाहेरच्या वाऱ्यात. तो वारा, सगळ्यांनी आयुष्यभर ज्याची भीती दाखवली तोच वारा, डोंगरावरून येऊन डोराच्या नाकात शिरत होता. तिहाना मनात म्हणत होती, ये, अजून ये.

मग तिला कळलं, ती कशात अडकली आहे.

हात सोडला तर डोरा खाली उतरणार. चिमटा खाली पडला तर त्याच्यासाठी उतरणार. आणि हात सोडल्याशिवाय कुठेही जाता येणार नव्हतं. विजेचा मीटर पुढच्या भिंतीवर होता, फ्रिज बंद करायला तिथेही नाही. बोर्ना गावात. मोबाइल डोंगराच्या टोकावर लागायचा. तिने घसा फाटेपर्यंत हाका मारल्या, पाइनच्या झाडांनी त्या गिळून टाकल्या. अख्ख्या खाडीत एकच माणूस होतं आणि त्याला तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, बघू नका. झडपा बंद होत्या, पण आमच्या झडपा बंद असल्या तरी त्याचा काही अर्थ नसतो, हेही तिनेच सांगितलं होतं.

पाऊस आला. पाठीवर, मानेवर, आडवा. आत सूं चालूच. डोरा चिमटा चावत होती. तिने एकदा जांभई दिली. तिहानाने तिला हलवलं. "झोपायचं नाही. पक्षी कसा करतो? टक टक. कर." पोराने डोळे चोळले आणि आणखी एक जांभई दिली. झोपेची वेळ होती म्हणून, की...? तिहाना त्या वाक्याच्या पुढे गेली नाही. ती फ्रिजकडे बघत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. पुढच्या बाजूने कोणीतरी खेकसलं.

"ए शहरातल्या बाई! पोराचे कपडे भिजतायत! मेलीस की काय?"

"तेता!" तिहाना किंचाळली. "गॅस! डोरा आत आहे! दाराचा अडसर पडलाय! आधी मीटरचा खटका पाडा! बाहेरचा! आत काही पेटवू नका!"

उत्तर आलं नाही. घराला वळसा घालून काठी येईल म्हणून तिने वाट बघितली, तीही आली नाही. मग मीटरचा खटका पडल्याचा आवाज, आणि कोपऱ्यातल्या फ्रिजच्या वरचा बारीक दिवा विझला. त्यानंतर दारावर खरवड. म्हातारी चाकू फटीत घालत होती. अंजिराच्या फांद्या छाटायचा तिचा तो वाकडा चाकू कायम एप्रनच्या खिशात असायचा. गजांतून तिहानाला दिसलं, अडसर वर उचलला गेला, थरथरला आणि धाडकन पुन्हा खाली पडला. दाराबाहेर शिवी. देवाच्या आईपासून सुरू झालेली, बरीच लांबपर्यंत गेलेली. पुन्हा खरवड. अडसर वर गेला. थांबला. आणखी वर.

दार उघडलं, आणि वारा तिहानाच्या कानांवरून, डोराच्या केसांतून आत घुसला, स्वयंपाकघर पार करून दारातून समुद्राकडे निघून गेला. तेता तोंडावर पदरासारखा रुमाल धरून आत आली, ओट्याखाली वाकली, सिलिंडर बंद केला. मग तिने समुद्राकडच्या सगळ्या झडपांच्या कड्या काढल्या आणि एकेक झडप भिंतीवर आपटून उघडली.

"ये आता!" ती वाऱ्याला म्हणाली. "आता ये, हवा तेवढा ये!"

मग ती पेटीजवळ आली. "सोड," ती तिहानाला म्हणाली. तिहानाला हात सोडता येईना. म्हातारीने तिची बोटं एकेक करून उलगडली.

नंतर त्या दोघी कोरड्या जागेत, टाक्यावरच्या पत्र्याच्या छपराखाली बसल्या. डोरा तेताच्या डोक्यावरच्या रुमालात गुंडाळलेली, टक्क जागी, चिमटा कोणालाही द्यायला तयार नव्हती. म्हातारीचे पांढरे केस भिजून कवटीला चिकटले होते. उघड्या डोक्याने, भर वाऱ्यात बसलेली तिला कोणी कधी पाहिलं नसेल.

"मी तुम्हाला बघू नका म्हणाले होते," तिहाना म्हणाली.

"म्हणालीस. मीही बरं म्हणाले. पण डोळ्यांना कोण सांगणार?" तेताने नाक पुसलं. "पाऊस सुरू झाला आणि पोराचे कपडे दोरीवर. आई घरात असली की असं होत नाही." मग थोडं थांबून, "म्हटलं होतं ना, आरपारचा वारा पोर नेतो."

तिहानाने जंतूंचा विषय न काढता मान डोलावली.

बोर्ना लंगोट घेऊन आला तेव्हा दोघी त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की तो दारातच थांबला.

उरलेले दिवस तिहाना उजाडताच उठायची आणि झडपा उघडायची. पलीकडे हिरवी झडप तोपर्यंत उघडलेली असायचीच. म्हातारी त्या दिवसापासून खोकत होती. निघताना तिने तमालपत्रं घालून वाळवलेल्या अंजिरांची पिशवी दिली. हिवाळ्यात इथे आणखी कोण असतं, असं तिहानाने विचारलं.

"मी असते. मुलगा ऑस्ट्रेलियात."

"मग तुमच्या झडपेकडे कोण बघतं?"

"अगं, मेले तर कळवीन," तेता म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की खोकल्याची उबळ आली.

तेव्हापासून दर रविवारी तिहाना तिच्या घरातल्या जुन्या लँडलाइनवर फोन करते. तेता तक्रार करते, पैसे फुकट घालवतेस म्हणते, डोराला टक टक करायला लावते आणि ठेवते. गेल्या रविवारी फोन वाजत राहिला. सोमवारीही. स्प्लिटचा मालक म्हणतो, युगो असला की तिला ऐकू येत नाही, काळजी करू नका. बोट बंद आहे म्हणे, समुद्र खवळलाय. बोर्नाही म्हणतो, अगं, तू उगाच... आणि मग मधेच थांबतो.

म्हणून तिहाना भेटेल त्याला सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. बोटी सुरू झाल्यावर तुमच्यापैकी कोणी त्या बेटावर उतरणार असेल, तर दक्षिणेच्या कच्च्या रस्त्याने देवळापर्यंत जा. तिथून खाली खाडी दिसते. डाव्या टोकाला एकटं घर आहे, त्याची झडप हिरवी आहे. सकाळ चढल्यावरही ती बंद दिसली तर वळसा घालून जा आणि दार वाजवा. जोरात वाजवा. ती खेकसेल, झोपमोड केली म्हणून शिव्या देईल. द्या म्हणावं. पण वाजवल्याशिवाय परत फिरू नका.